बांद्रा म्हणजे नुसते कॅफे नाहीत हो!

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतलं बांद्र्याचं पान वाचलं, फोटो झकास होते पण खायचं कुठे तर कॅफे, बसायचं कुठे तर परत कॅफे, आणि तेही असे की दोघांनी कॉफी घेतली तर येताना रिक्षाला पैसे उरलेत का बघावं लागेल. मी बांद्रा पूर्वेच्या सरकारी वसाहतीत वाढलेय, पश्चिमेला जायचं म्हणजे आम्हाला फक्त स्टेशनचा पूल ओलांडायचा, म्हणून म्हटलं कळवावं.

बिर्याणी खायचीय तर एस. व्ही. रोडच्या नाक्यावर लकी आहेच. तिथून हिल रोडला लागलं की एल्कोची पाणीपुरी, आणि पुढे होली फॅमिली हॉस्पिटलसमोर हर्श बेकरी. तिथे ऐसपैस बसायचं विसरा, गरम पफ हातात घ्यायचा, उभ्याउभ्याच खायचा, आणि पापुद्रे ड्रेसवर सांडणार हे धरूनच चालायचं!

शॉपिंगला हिल रोडवर कपडे, लिंकिंग रोडला चपला. भाव करता येत नसेल तर सरळ आईला सोबत न्या. तो आठशे म्हणाला की आपण तीनशे म्हणायचं, त्याने तोंड वाकडं केलं की चालायला लागायचं, मागून "ओ ताई, शेवटचं बोला" येतंच, आणि नाही आलं तरी पुढच्या स्टॉलवर डिट्टो तीच चप्पल लटकलेली असते.

पण खरा राग आला तो 'रिलॅक्स' या चौकटीचा, त्यातही कॅफेच! अहो चॅपल रोडवरची भिंतींवरची चित्रं बघत रणवारच्या गल्ल्यांत शिरा, लाकडी बाल्कन्यांची जुनी घरं अजून आहेत (लोक राहतात तिथे, खिडकीत मोबाईल घालू नका). मग बँडस्टँडच्या टोकाला 1640 सालचा पोर्तुगीजांचा किल्ला, समोर अख्खा सी लिंक, तिकीट नाही. मन्नतसमोर सेल्फीवाल्यांची गर्दी असते, तिथून सटकायचं. संध्याकाळी कार्टर रोडला समुद्राकडे तोंड करून कितीही वेळ बसा, बिल आणून ठेवायला कोणी येत नाही.

तर पुढच्या वेळी अंदाजे खर्च आणि स्टेशनपासून कसं जायचं तेवढं छापा प्लीज. आणि सप्टेंबरात माउंट मेरीची जत्रा आठवडाभर असते तेव्हा गाडी आणू नका हे ठळक टाईपात टाका, बेस्टच्या जादा बस सुटतात.

एक वाचक, बांद्रा (पूर्व)