वायरमनदादा, आजीची मालिका दिसली!

वायरमनदादा,

सप्रेम नमस्कार. नाव विचारलं तर "घाटावरचा वायरमन म्हणा" एवढंच बोललात, म्हणून पत्र असं उघडच लिहितोय.

2020च्या 3 जूनला निसर्ग वादळ दिवेआगरजवळ किनाऱ्याला लागलं आणि आमच्या दापोली पट्ट्यातही माड, पोफळी, विजेचे खांब सगळं एकमेकांवर आडवं करून गेलं. त्यानंतर कुठेही फोन लावा, उत्तर एकच, "नोंद घेतली आहे." नोंदी करून करून त्यांची वही भरली असेल. पाहणीला मंडळी आली, झोपलेल्या बागेत उभं राहून फोटो काढून घेतले, चहा पिऊन गेली. आम्ही आपले रहाट ओढतोय, रॉकेल शोधतोय.

मग तुमची गाडी आली. भर पावसात तुम्ही खांब कसे उभे केलेत ते अख्ख्या वाडीने पाहिलंय, ते सांगत बसत नाही. मला सांगायचंय ते वेगळंच.

तुमच्याभोवती गर्दी झाली होती. कोणाला पंपाची घाई, कोणाला गिरणीची. त्यात आमची आजी काठी टेकत पुढे आली आणि म्हणाली, "13 तारखेच्या आत येईल ना रे वीज?" लॉकडाऊनमुळे मार्चपासून मालिकांची चित्रीकरणं बंद होती आणि 13 जुलैपासून 'रात्रीस खेळ चाले'चे नवे भाग सुरू होणार होते. सगळे हसले. तुम्ही मात्र टोपीवरून ओघळणारं पाणी मनगटाने पुसलंत आणि विचारलंत, "किती वाजता असते, आजी?"

"साडेदहाला."

"बरं." मान हलवून तुम्ही वर चढलात.

वीज आली, तुम्ही पुढच्या वाडीला गेलात. सोमवारी रात्री भाग संपतो न संपतो तोच माझा फोन वाजला. "आजींचं बघून झालं का? मध्ये गेली नाही ना?" दिवसभर तारा ओढून शाळेच्या फरशीवर पाठ टेकलेला माणूस हे विचारतो! मला पटकन बोलताच येईना. इतक्या दिवसांत आम्हीच सगळ्यांना फोन करत होतो हो. आम्हाला उलटा फोन करणारे तुम्ही पहिले.

आता भागाचं. मालिकेतला आकेरीचा तो वाडा पार सिंधुदुर्गात, मालवणी आजीला अर्धीमुर्धी कळते, पण शिव्या ती पूर्ण देते. अण्णा दिसले की "आला मेला!" अण्णांच्या नादाला लागलेल्या शेवंतावर तोंडसुख घ्यायचं आणि त्याच दमात तिच्या साडीचं कौतुक करायचं. जीव खरा माईवर, अण्णांच्या बायकोवर. "हिने एकदा तरी पोळपाट हाणायला हवा होतान," हे तिचं ठाम मत. इतक्या महिन्यांनी आजीचा तो आवाज पडवीपर्यंत ऐकू आला. वादळानंतर ती जी गप्प झाली होती, ती त्या रात्री बोलायला लागली.

चांगुलपणाला वेगळं खातं लागत नाही, अधिकारही लागत नाही. साहेबांना जे सुचलं नाही ते खांबावर चढणाऱ्याला सुचलं.

आजीने कोकमाच्या आगळाची बाटली भरून ठेवली आहे, बूच घट्ट लावून. घाटावर परतण्याआधी घेऊन जा. आणि साडेदहाच्या आत या, नंतर ती कोणाशी बोलत नाही.

आपला,
आजीचा नातू