टोळीसोबत डोळ्याचे मलमही जाऊ द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दसरा झाला की आमच्या पाटोदा, आष्टी, शिरूर भागातून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. ट्रकमध्ये भांडी, पीठमीठ, शेळ्या, लेकरे सगळे चढते. डोळ्याला पाते लागले तर लावायचे मलम मात्र कुठल्याच टोळीत नसते. ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासण्यात माझी नोकरी गेली, म्हणून हे पत्र.

उसाच्या पात्याला करवतीसारखी बारीक धार असते. मोळी उचलताना ते सपकन डोळ्यावर बसते आणि बुबुळावर ओरखडा उठतो. हा ओरखडा स्वच्छ राहिला तर दोन-तीन दिवसांत भरून येतो. पण पात्यावरची बुरशी किंवा जंतू आत शिरले की जखम चिघळते, पांढरा डाग धरतो आणि बरी झाली तरी फूल, म्हणजे बुबुळावरचा कायमचा पांढरा डाग, मागे राहते. बुरशीचे औषध सुरुवातीला तासातासाला, पुढे कित्येक आठवडे घालावे लागते. कोपीत, म्हणजे पाचटाच्या खोपटात राहून, पहाटे फडात उतरणाऱ्या बाईने ते कसे घालावे?

ती दवाखान्यात जातच नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक जण थांबला की काम अडते, खाडा पडतो, टोळीच्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटत नाही. मग कुणी डोळ्यात मध घालते, कुणी एरंडेल, कुणी बाळंतिणीचे दूध. काही गावांत जिभेने कुसळ काढणाऱ्या बायका आहेत, त्यांच्याकडे नेतात. याहून घातक म्हणजे दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणारे स्टेरॉइडचे थेंब. लाली उतरते, ठणका कमी होतो, माणसाला वाटते गुण आला. आत बुरशी मोकाट वाढत असते. असेच थेंब महिनाभर घालून, हंगाम संपल्यावर गावी आलेली तिशीतली बाई मी तपासली आहे. त्या डोळ्याने तिला हाताची बोटेही मोजता येत नव्हती.

मोतीबिंदूची शिबिरे गावोगाव होतात, ती व्हावीतच. पण 2015 ते 2019 च्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात पन्नाशीच्या आतल्या अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण बुबुळाचे फूल निघाले, 37.5 टक्के. यात कमावत्या वयाची माणसेही आली.

यावर उपाय स्वस्त आहे, आणि तो नेपाळमधल्या भक्तपूरने दाखवून दिला आहे. तिथे गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी बुबुळावर ओरखडा आलेल्या 442 जणांना क्लोरॅम्फेनिकॉल या जंतुनाशक औषधाचे 1 टक्क्याचे मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस लावले. 18 तासांच्या आत आलेल्या 284 जणांपैकी एकाचीही जखम चिघळली नाही. 24 ते 48 तासांनी आलेल्या 49 पैकी 14 जणांची मात्र चिघळली. 2001 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. एवढ्या वर्षांत ते मलम आपल्या फडापर्यंत पोचू नये, याचे फार वाईट वाटते.

गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाने आणि कारखान्यांनी या हंगामापासून प्रत्येक टोळीला हे मलम आणि प्रत्येक कोयत्याला दोन पारदर्शक गॉगल द्यावेत. गॉगल बाजूने हवा खेळणारे असावेत. घामाने धूसर होणारा गॉगल पहिल्याच दिवशी काढून ठेवतात. आणि डोळ्याच्या जखमेसाठी दवाखान्यात गेलेल्याचा खाडा धरू नये.

मुकादमांनी एवढे ओळखावे. डोळे येतात तेव्हा बहुधा दोन्ही डोळ्यांना चिपडे येतात, नजर शाबूत असते. एकच डोळा लाल, ठणका, उजेड सहन होत नाही, अंधुक दिसते, असे असेल तर ती जखम समजावी. डोळा चोळू नये, पट्टी बांधू नये, स्वच्छ पाण्याने धुऊन मलम लावावे. पांढरा ठिपका दिसला, नजर मंदावली किंवा दुसऱ्या दिवशीही ठणका राहिला, तर मलमावर विसंबू नये; त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यावे.

औषध दुकानदारांनाही हात जोडून विनंती आहे, लाल डोळा पाहून स्टेरॉइडची बाटली हातात देऊ नका.

टोळ्या निघण्याआधी आमच्या तालुक्यातल्या आशाताईंना आणि मुकादमांना मलम कसे लावायचे ते शिकवायला मी तयार आहे. मोबदला नको, बसायला शाळेची एक खोली मिळाली तरी पुरे.

आपला,
एक निवृत्त नेत्रचिकित्सा अधिकारी,
ता. पाटोदा, जि. बीड