पान ११२

रत्नागिरी,
गुरुवार रात्र

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

बंगळूरला पोचल्याचा तुझा मेसेज आईला आला. कोकमाच्या आगळाची बाटली गाडीत सांडली नाही ना? लगेच फ्रीजमध्ये ठेव.

स्टँडवर मी बोललो ते त्या वेळी बोलायला नको होतं. गाडी सुटायला दहा मिनिटं, खिडकीत तू, खाली मी, आणि आजूबाजूला चार माणसं ऐकत उभी. तू काच ओढून घेतलीस. मी कंडक्टरच्या सबंध नोकरीत प्रवाशांच्या घरच्यांना सांगत आलो, निघणाऱ्या माणसाला हसून निरोप द्या, वाद घरी. आणि स्वतःच्या मुलीच्या वेळी मला ते राखता आलं नाही. चूक माझी होती.

पण तू म्हणालीस ते मनातून जात नाही. "बाबा, माझ्याकडे पुस्तकं आहेत. मला माणसं नाही लागत."

यावर आज काही लिहायचं नाही असं ठरवलंय. वाचनालयातलंच लिहितो.

साडेपाचला आम्ही चौघं जमलो. पाऊण तास बांगड्याच्या भावात आणि काकूंच्या गुडघ्यात गेला. मग भाभींनी पिशवीतून एक जाडजूड चरित्र काढलं. म्हणाल्या, "दोनशे पानं झाली, हा माणूस अजून शाळेतच आहे. पुढे वाचू की सोडू?" त्यावरून जे पेटलं! मास्तरांचं म्हणणं, हातात घेतलेलं पुस्तक टाकायचं नाही, ताटातलं अन्न टाकत नाहीत तसं. भाभी म्हणाल्या, "मला एकाहत्तरावं लागलं. आंबट निघालेला आंबा आता मी शेवटपर्यंत खात नाही." काकू शेवटचं पान आधी वाचतात, त्यांना तर हा प्रश्नच कळला नाही. मग दिवाळी अंकांच्या वर्गणीचा विषय निघाला आणि मास्तरांनी 'मनोरंजन' मासिकाच्या १९०९ सालच्या दिवाळी अंकाची गोष्ट काढली. त्याचे संपादक काशिनाथ रघुनाथ मित्र मूळचे आजगावकर, आणि मराठीत दिवाळी अंकाची प्रथा त्यांनी पाडली, हे ते दर वर्षी सांगतात. आम्ही दर वर्षी ऐकतो. आज तर मी फार मन लावून ऐकलं.

मास्तरांचं तुला फोनवर सांगितलं नव्हतं. आषाढात एका गुरुवारी ते आले नाहीत. शुक्रवारीही नाहीत. भाभी म्हणाल्या, "त्यांचं पुस्तक काल परत यायचं होतं. मास्तर तारीख चुकवत नाहीत." मी आणि काकूंचे यजमान पावसातून गेलो. पुढचं दार आतून बंद. मागच्या पडवीतून शिरलो. मास्तर पलंगावर, अंग तापाने भाजत होतं, उशाशी ते पुस्तक, आणि तांब्या रिकामा. त्या खोलीत तीन कपाटं भरून पुस्तकं आहेत, मनू. तांब्या भरून ठेवायला कोणी नव्हतं.

आता बरे आहेत. सकाळचा डबा काकूंकडून जातो. पण तो तांब्या माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तू घरूनच काम करतेस. आठवड्यातून एकदा ऑफिसला जातेस, तेही कधी जातेस, कधी नाही. तुला ताप आला तर तिथे कोणाला कळेल? किती दिवसांनी कळेल?

बघ, लिहायचं नाही म्हणून पुन्हा तिथेच आलो.

तुझं वाचन मला खुपतं असं कधी मनात आणू नकोस. तू दुसरीत असताना सकाळी नेलेलं पुस्तक संध्याकाळी परत केलंस, तेव्हा टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "वाचलंस की नुसती चित्रं पाहिलीस?" तू टाचा उंचावून टेबलाची कड धरलीस आणि सगळी गोष्ट सांगितलीस, मधे एकदाही न थांबता. बाई लिहायच्या थांबल्या. मागे रांगेत आठ-दहा माणसं होती, कोणी घाई केली नाही. मी खाकी कपड्यांतच होतो. १८२८ सालचं वाचनालय, महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं, आणि तिथे सगळे माझ्या मुलीचं ऐकत उभे होते. तो दिवस मी कोणाला देणार नाही. पहिल्या पगारात तू मला काचेचं कपाट घेतलंस, तेव्हाही मला आधी तोच दिवस आठवला.

मी वाचायला कसा लागलो, ते तुला अर्धंच माहीत आहे. गावखडीची मुक्कामी गाडी होती माझ्याकडे. रात्री तिकिटांच्या हिशेबाचं वेबिल पुरं करायचं, पैसे मोजायचे, पेटी उशाला घ्यायची आणि मागच्या लांब सीटवर आडवं व्हायचं. समुद्राचा आवाज, डास, झोप नाही. बॅटरी उतरेल म्हणून ड्रायव्हरकाका गाडीतला दिवा लावू द्यायचे नाहीत. मी टॉर्चवर वाचायचो. चौथ्या-पाचव्या रात्री अंधारातून त्यांचा आवाज आला, "एकटाच काय वाचतोस? मोठ्याने वाच की." ते चौथीपर्यंतच शिकलेले. त्या दिवसापासून मी मोठ्याने वाचू लागलो. रोज दहा-बारा पानं. सकाळी पहिल्या फेरीला गिअर टाकता टाकता ते विचारायचे, "त्या बाईने घर सोडायला नको होतं, तुला काय वाटतं?" आणि स्टँड येईपर्यंत आमचं तेच चालायचं. तू झालीस त्या रात्री मी मुक्कामावरच होतो. पहाटे निरोप आला. त्या सकाळी त्यांनी गाडी कशी आणली ते मला माहीत आहे, आणि रहाटाघर स्टँडला उतरताना म्हणाले, "जा तू, पैशांचा भरणा मी बघतो." त्यांच्या बाराव्याला त्यांच्या मुलाने मला एक जुना टॉर्च आणून दिला. तुझ्या खोलीतल्या कपाटात आहे तो. तू विचारलं होतंस, हा मोडका टॉर्च का ठेवलाय म्हणून.

मला माणसं मिळाली ती पुस्तकांमुळेच. म्हणून तुझं ते वाक्य मला इतकं लागलं.

भाभींचा नातू बंगळूरला होता. तो म्हणाला, कब्बन पार्कात शनिवारी सकाळी लोक चटया टाकून आपापलं पुस्तक वाचत बसतात. कब्बन रीड्स म्हणतात त्याला. कोणी कोणाशी बोललंच पाहिजे असं नाही. तुला आवडेल असं वाटलं. गांधीनगरात महाराष्ट्र मंडळही आहे. आणि चर्च स्ट्रीटवर जुनी पुस्तकं घ्यायला जातेसच, तर तिथे रोज तीच तोंडं दिसत असतील, त्यांतल्या एखाद्याला तरी "हे कसं आहे हो" असं विचारायला काय

हे वाक्य अर्धंच सोडतो. आई मागून वाचतेय आणि म्हणतेय की मनूचं वय एकतीस आहे, सात नाही. बरोबर आहे तिचं. तू तिथे एकटीने घर लावलंस, भाषा शिकलीस, आत्याच्या ऑपरेशनच्या वेळी दोन रात्री जागलीस, आम्हाला कळूही दिलं नाहीस. मला अभिमान आहे तुझा. आणि आम्हाला कळूही दिलं नाहीस, याचीच भीती वाटते. दोन्ही खरं आहे बाय, काय करू.

एकच मागतो. तुझ्या मजल्यावरच्या कोणाचं तरी नाव आणि नंबर मला पाठव. मी उगाच फोन करणार नाही. पंचांगाच्या मागच्या पानावर, दूधवाल्याच्या आणि डॉक्टरांच्या नंबरखाली लिहून ठेवीन, बस. कोणाचा नंबर नसेल तर आधी जाऊन एकाचं दार वाजव. आईने दिलेल्या करंज्यांतल्या चार घेऊन जा.

आणि तू निघायच्या गडबडीत वाचनालयाचं पुस्तक पलंगावरच विसरलीस. पान ११२ ला गाडीचं तिकीट घातलंयस. तारीख मी आज वाढवून आणली. दोन दिवसांत तिथपर्यंत वाचून झालं. भावाने ते पत्र जाळलं असं मला वाटत नाही, त्याने ते लपवलं असणार. काकू मला शेवट सांगायला निघाल्या होत्या, मी कान झाकले. तिकडे चर्च स्ट्रीटवर दुसरी प्रत मिळाली नाही तर हीच पोस्टाने पाठवतो, वाचनालयात विचारून ठेवलंय. रविवारी संध्याकाळी फोन कर. पान ११३ मी अजून उलटलेलं नाही.

तुझा,
बाबा