लंघन गेले, उपवास उरला

संपादक महोदय,

आषाढी जवळ आली की पुरवण्यांमधून ‘उपवासाचे हलकेफुलके पदार्थ’ झळकू लागतात. त्यातल्या ‘हलके’ या शब्दाबद्दल हे पत्र.

मराठीत दोन कामांना दोन शब्द होते. व्रताचा तो उपवास आणि प्रकृतीसाठी करायचे ते लंघन. अपचन झाले, ताप आला की लंघन. गरम पाणी, फार तर पेज. चरकसंहितेत लंघनाचे दहा प्रकार आहेत, त्यांत उपवास हा केवळ एक (व्यायामही आहे!). त्याच अध्यायात लंघनाच्या उलट उपाय आहे बृंहण, म्हणजे शरीर पोसणे. बोलण्यातून लंघन गेले आणि ‘पोटाला विश्रांती’ हा त्याचा अर्थ उपवासाला येऊन चिकटला. ताट मात्र बृंहणाचे.

दोघांची खिचडी घ्या. 100 ग्रॅम कोरडा साबुदाणा, 50 ग्रॅम दाण्याचे कूट, 30 ग्रॅम तूप: सुमारे 900 कॅलरी, बटाटा वेगळा. माणशी साडेचारशे, म्हणजे चारेक पोळ्या. साबुदाणा हा टॅपिओकाचा निव्वळ स्टार्च. प्रथिने जवळपास नाहीतच, जी काही येतात ती दाण्यांतून. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर सकाळी निरंकार राहिल्याने घसरू शकते आणि खिचडीनंतर उसळते. डोस डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारावा. राजगिऱ्याचे पीठ आणि किसलेली काकडी यांचे थालीपीठ, सोबत वाटीभर दही, हे त्यापेक्षा बरे. राजगिऱ्यात 100 ग्रॅमला 13 ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात.

भगरीची गंमत निराळी. वरी हे नाचणीसारखेच तृणधान्य, पण ‘भगर’ म्हटले की ते धान्यातून सुटते आणि उपवासाला चालते. चालू दे. फक्त तिचे सुटे, दळलेले पीठ घेऊ नये. पावसाळी दमटपणात पिठाला बुरशी लवकर धरते, तिचे विष भाजून-शिजवून जाईलच असे नाही, आणि मग उलट्या, चक्कर, थरथर सुरू होते. बंद पाकिटातली अख्खी भगर आणून निवडावी, धुवावी आणि लागेल तेवढीच घरी दळावी.

आपल्या पुरवणीकडे एक मागणी: ‘हलके’ऐवजी ‘उपवासाला चालणारे’ एवढेच छापा आणि प्रत्येक कृतीखाली ती किती माणसांची, ते लिहा.

— एक आहारतज्ज्ञ, सातारा