पंधरा दिवस म्हणाले होते

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

पंधरा दिवस म्हणाले होते. आज अठरावा. तुम्ही दोघांनी फोनवर एकदाही विचारलं नाहीत, त्यावरूनच कळलं की तुम्हांला कळलंय. काल आई बोलता बोलता म्हणाली, "ट्रे धुऊन उन्हात ठेवलाय", आणि मला एकदम गप्प व्हायला झालं. चार दिवसांचा पाहुणा असता तर तू ट्रे उन्हात ठेवला नसतास, कोपऱ्यात सरकवला असतास.

म्हणून स्पष्टच लिहिते. मी त्या मांजराच्या पिल्लाला न्यायला येणार नाहीये. तो तुमच्याकडेच राहणार. फोनवर तीनदा सांगायला गेले आणि तिन्ही वेळा बाबांच्या गुडघ्यांवर बोलून फोन ठेवला.

कारणं देते, ऐकून घ्या. नवीन नोकरीत मी सकाळी बाहेर पडते ती रात्रीच येते. एवढ्याशा पिल्लाला दिवसातून चार वेळा थोडं थोडं खाणं लागतं, आणि सबंध दिवस एकटं ठेवायचं त्याचं वय नाही. जागेचा करार झाल्यावर कळलं की इथे प्राणी चालत नाहीत. हे सगळं खरं आहे. पण ताई गेली, मग मी गेले, आणि आता संध्याकाळी घरात फक्त टीव्हीचा आवाज असतो, हेही माझ्या डोक्यात होतं. तुम्ही कधी सोबत मागितली नाहीत. मीच ठरवलं आणि तुम्हांला न विचारता ठेवून आले. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसलाच प्रकार.

दुधावरून आठवलं. आई, त्याला दूध देऊ नकोस. देतेस, मला माहीत आहे. आईचं दूध सुटलं की मांजरांना दुधातली साखर पचवणं जड जातं, पोट बिघडतं, आणि मग तू म्हणशील ट्रे शिकला नाही. तो शिकलाय. जुलाब लागल्यावर त्याने तरी काय करावं! पाणी ठेव, आणि ते खाण्याच्या वाटीपासून जरा लांब ठेव.

ट्रेचं मात्र नीट वाचा, कारण बाबा म्हणाले परवा त्याने सोफ्यामागे शी केली. मांजराला हे शिकवावं लागत नाही. तीन-चार आठवड्यांची झाली की पिल्लं आपणहून उकरायला लागतात. आपण फक्त त्यांना बरी जागा द्यायची. मी निघायच्या आदल्या रात्री तीनला खसखस ऐकू आली. उठून बघते तर साहेब ट्रेमध्ये बसलेले, कान मागे, नजर समोरच्या भिंतीवर, चेहरा अगदी बाबा बँकेचा फॉर्म भरताना करतात तसा. झाल्यावर त्याने ते पुरायला घेतलं. वाळू सोडून ट्रेबाहेरची फरशीच उकरत होता, मन लावून. तेवढं दोन मिनिटं उकरून वळून वास घेतला, पटलं नाही, पुन्हा फरशी उकरली. मी हसले तर थांबून माझ्याकडे बघितलं. त्या क्षणी मी त्याला बॅगेत घालून नेणार होते, खरं सांगते.

सोफ्यामागे केली त्याचं कारण मी सांगते. तुम्ही त्याला सगळं घर मोकळं करून दिलंत. एवढ्याशा जिवाला पलीकडच्या खोलीतून ट्रेपर्यंत पोचायला वेळ लागतो. आणखी एखादा महिना त्याला रात्री आणि तुम्ही बाहेर जाल तेव्हा एकाच खोलीत ठेवा, ट्रे तिथेच, पण खाण्याच्या विरुद्ध कोपऱ्यात. खातो तिथे तो करणार नाही, आपणही करत नाही. दुसरा एक ट्रे बाहेरच्या खोलीत ठेवा. एका मांजराला दोन ट्रे ही चैन नाही, तसाच सल्ला देतात. वॉशिंग मशीनशेजारी नको. आत बसलेला असताना ते घरघरलं की पुन्हा तिकडे फिरकणार नाही. ट्रेची एक बाजू दोन इंचांपेक्षा उंच नको, वाळू दोन बोटं खोल पुरे. आणि बिनवासाचीच वाळू. फुलांचा वास आपल्याला बरा वाटतो, त्याचं नाक आपल्यापेक्षा फार तिखट. गोळे होणारी वाळू चार महिन्यांचा होईपर्यंत आणू नका, पिल्लं ती चाटून खातात आणि पोटात गोळा होतो.

झोपून उठला, खाल्लं, किंवा खेळून दमला, की उचलून ट्रेमध्ये ठेवायचं. बस. पंजे धरून उकरून दाखवायचं नाही. मला तू पहाटे झोपेतून उचलून न्यायचीस आणि नळ बारीक सोडून "शूऽऽ" करायचीस, आठवतं? अजून नळाचा आवाज आला की माझी पंचाईत होते. त्याच्यापुढे नळ सोडू नकोस, उपयोग नाही.

चुकलं तर ओरडायचं नाही, नाक घासायचं तर मुळीच नाही. बाबा, हे तुमच्यासाठी. त्याला सोफा आणि ओरडा यांचा संबंध लागत नाही, बाबा आणि ओरडा एवढाच लागतो. मग तो तुमच्यापासून लपून करायला शिकेल. कागदाने टिपून तो कागद ट्रेमध्ये टाका, म्हणजे वासाने त्याला पत्ता कळेल. जागा एन्झाइमवाल्या क्लीनरने पुसा. फिनाइल नको, ट्रेलाही नको, त्याच्या वावरातल्या फरशीलाही नको. ट्रेला साधा साबण आणि गरम पाणी. स्कूपने सकाळ-संध्याकाळ काढायचं, आठवड्यातून एकदा सगळी वाळू बदलायची. वाकायचं काम आईने करू नये. ट्रे स्टुलावर उचलून ठेवा आणि उभ्याने साफ करा. बाबांनी करायला हरकत नाही, निवृत्त माणसाला सकाळी एक काम असावं.

ताई आली की तिला ट्रेला हात लावू देऊ नका, पाचवा महिना आहे. मांजराच्या शीतून एक जंतू येऊ शकतो, तो पोटातल्या बाळाला वाईट. पण शी पडल्यावर तो बाधण्याजोगा व्हायला किमान एक दिवस लागतो, म्हणून रोजच्या रोज साफ केलं आणि हात धुतले की धोका फार कमी होतो. मांजर घराबाहेर काढायची गरज नसते. ताईच्या सासूबाई काही म्हणाल्या तर हे वाक्य वाचून दाखवा. नको, राहू दे. तुम्ही फक्त हसा.

आता एक गोष्ट लिहायची आहे आणि ती कशी लिहावी कळत नाहीये.

बाबांच्या उशाशी जो गोळ्यांचा डबा असतो, तो झाकण घट्ट लावून कपाटात ठेवा. पिल्लू गोळी फरशीवर लोळवून खेळतं. सगळ्यांत वाईट पॅरासिटामॉल. तापाची, अंगदुखीची आपली नेहमीची. मांजराच्या यकृताला ती मोडून बाहेर टाकता येत नाही. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते, हिरड्या तपकिरी-निळसर होतात, तोंड आणि पंजे सुजतात. एका गोळीचा तुकडासुद्धा पुरतो. फिनाइलचीही अडचण त्याच यकृताची.

बाबा, हे वाचून तुम्ही चष्मा काढून ठेवाल, मला दिसतंय. आपल्या चिंगी मांजरीचा हिशोब मांडू नका. ती त्याआधीच दोन दिवस जेवत नव्हती. तुम्ही नखाने गोळीचे चार भाग केलेत, दोन चमच्यांमध्ये एक भाग चुरला, आणि मी बॅटरी धरून उभी होते. तुम्हांला माहीत नव्हतं. मला तर अजिबातच नव्हतं, मी दुसरीत होते. तेव्हा आजारी माणसाला जे देत होतो तेच तिला दिलं, कारण ती घरातलीच होती. मला हे डॉक्टरांनी याच पिल्लाच्या वेळी सांगितलं आणि मी घरी येऊन काहीच बोलले नाही. आताही लिहिलं नसतं. पण त्याला कधी ताप आला आणि तुमचा हात प्रेमाने पुन्हा त्याच डब्याकडे गेला तर, म्हणून लिहिलं. पुन्हा या विषयावर आपण बोललो नाही तरी चालेल.

आजारी वाटला तर घरातलं माणसांचं काहीही द्यायचं नाही, सरळ व्हेटकडे. सबंध दिवस जेवला नाही, सारखा उलट्या करतोय, डोळे-नाक वाहतंय, तर वाट बघू नका. आणि ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा जाऊन जोर करतोय, ओरडतोय, पण थेंबही येत नाहीये असं दिसलं तर रात्र असो की काही, लगेच. बोक्यांची लघवी अडते, आणि ते काही तासांचं काम असतं, सकाळी बघू असं म्हणण्याचं नाही.

आई, तुझा शिवणाचा डबा. मला माहीत आहे तो रीळ घेऊन पळतो आणि तू हसतेस. गोड दिसतं. पण मांजराची जीभ खरखरीत, काटे आतल्या दिशेला. दोरा एकदा तोंडात गेला की थुंकता येत नाही, आतच जातो, आणि आतडी गोळा करतो. सुई असली तर बघायलाच नको. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नकोस, कापूही नकोस, तसाच डॉक्टरांकडे ने. खेळायला कागदाचा बोळा दे, त्याला तोच जास्त आवडतो.

बाकी पटापट. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं, मनुका नाही. कपड्यांतल्या डांबराच्या गोळ्या काढून टाका. कोणी लिलीचा गुच्छ आणला तर दारातूनच शेजाऱ्यांना द्या, तिचे परागसुद्धा त्याच्या मूत्रपिंडाला घातक. बाल्कनीला जाळी मी सांगून ठेवली आहे, माणूस येईल, त्याच्याशी भाव करू नका, पैसे दिलेत. कुत्र्याचं खाणं स्वस्त म्हणून आणू नका. टॉरीन नावाचा घटक मांजराला मांसातूनच मिळवावा लागतो, तो कमी पडला तर डोळे आणि हृदय बिघडतं. वॉशिंग मशीन लावण्याआधी आत हात घालून बघा. हो, दर वेळी.

आणि बाबा, रात्री उठलात तर आधी दिवा लावा. तो पायांत येतो. त्याच्या गळ्यात घुंगरू आहे तरी दिवा लावा. मांजराच्या गळ्यात घंटा बांधणारी तुमची मुलगी निघाली, पण ती घंटा तुम्हांला ऐकू यायला कानातलं मशीन लावावं लागतं, आणि ते तुम्ही लावत नाही. तुमची रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, त्यामुळे साधा ओरखडाही वाहत राहतो. हाताशी खेळवू नका. ओरखडलं किंवा चावलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. "एवढंसं तर आहे" हे वाक्य मला नको.

आणला तेव्हा तो ९ आठवड्यांचा होता, पहिली लस तेव्हाच झाली. आता बारावा आठवडा चालू आहे. पुढच्या आठवड्यात दुसरी लस, आणि रेबीजचीही. त्यानंतरचा डोस तीन-चार आठवड्यांनी. जंतांचं औषध सहा महिन्यांचा होईपर्यंत महिन्यातून एकदा, वजन करूनच. पाचव्या महिन्याच्या सुमारास नसबंदी, तेव्हा मी येते. सुट्टी आत्ताच टाकून ठेवली आहे. त्यावेळी त्याचे दुधाचे दात पडत असतील, एखादा सापडला तर आई, जपून ठेव. माझे ठेवलेस तसाच, त्याच डबीत ठेवलास तरी चालेल.

डॉक्टर कार्ड मागतील. ते टेबलाच्या खालच्या खणात, गॅसच्या पुस्तकाखाली आहे. त्यावर नावाची जागा रिकामी आहे. मी मुद्दामच भरली नाही. आई तेव्हा म्हणाली होती, नाव ठेवलं की जीव गुंततो, पंधरा दिवसांसाठी कशाला. बाबा सांगत होते, तू त्याला दिवसभर नावं ठेवतेस. चोर म्हणतेस, आगाऊ म्हणतेस, आणि परवा म्हणे "माझा राजा" म्हणालीस आणि बाबा आत आल्यावर गप्प बसलीस.

पेन खणातच आहे. निळं चालत नाही, काळं घे.

तुमची,
शेंडेफळ

ता. क. त्याचा फोटो पाठवा. झोपलेला, खेळतानाचा, कसलाही. बाबा, ट्रेमधला फोटो मिळाला, शंका फिटली, सगळं ठीक आहे, आता रोज तो नको.