अलंकार पराटीतून शिकवा

मा. संपादक,

तुमच्या शालेय पानावरचा अलंकारांचा तक्ता नातीने कापून ठेवला. ‘सारखा, समान, प्रमाणे’ दिसलं की उपमा, ‘जणू, भासे, वाटे’ दिसलं की उत्प्रेक्षा. गुण मिळतील हो. पण अपन्हुतीत असा खुणेचा शब्द हमखास सापडत नाही, तिथे पोरगी अडली.

मी तिला घरचीच वाक्यं दिली. ‘पोट्टं पराटीसारखं वायलं’, म्हणजे पोरगं कपाशीच्या झाडासारखं वाळलं, ही उपमा. ‘जणू पराटीच’ म्हटलं की उत्प्रेक्षा. ‘हे पोट्टं नाही, पराटी होय’ म्हणून पोट्ट्यालाच नाकारलं, की अपन्हुती. ‘याच्यापेक्षा पराटी जाड’ हा व्यतिरेक, कारण उपमान, म्हणजे जिची उपमा दिली ती पराटीच, हरलं. शेजारीण म्हणाली, ‘फुंकलं तं दिग्रसले जाऊन पडीन.’ अतिशयोक्ती तिनेच पुरवली! (पोट्टं, म्हणजे माझा धाकटा नातू, रुसून बसला.)

आमच्या वऱ्हाडात गाडगेबाबा कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारत आणि उत्तरही त्यांच्याच तोंडून काढत. ती प्रश्नाची ताकद तक्त्यात कुठेच नाही.

पुढच्या वेळी ठरीव काव्यपंक्तींऐवजी वाचकांकडून अशी बोलीतली वाक्यं मागवा. पंधरा-वीस तर मीच पाठवीन.

एक आजी, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ