मीनाला पत्र: बीजगणिताची उजळणी आणि प्लेसमेंट टेस्ट

प्रिय मीना,

इतक्या वर्षांनी तिथे अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजात नाव घालतेयस आणि त्याआधी त्यांचा बीजगणिताचा उजळणी वर्गही करणार आहेस, हे वाचून मनापासून आनंद झाला. धडे ढीगभर आणि वेळ थोडा, तर जोर कशावर द्यायचा असं तू विचारलंस. माझं म्हणणं असं आहे की प्लेसमेंट टेस्टमध्ये, म्हणजे कुठल्या वर्गात बसवायचं ते ठरवणाऱ्या चाचणीत, बीजगणित विसरल्यामुळे गुण जातात त्याहून कितीतरी जास्त गुण उणे चिन्ह, कंस आणि अपूर्णांक यांच्यात जातात. सूत्रं चार दिवसांत आठवतात. चिन्हांवरचा हात मात्र रोज लिहिल्याशिवाय परत बसत नाही. तेव्हा वर्गाचा अर्धा वेळ या तीन गोष्टींना दे, बाकीचे धडे त्यांच्या आधाराने सुटतील.

आधी परीक्षेबद्दल. कॉलेजला पहिला प्रश्न विचार की चाचणी कोणती घेता, कारण सगळीकडे एकच नसते. कॅलिफोर्नियात तर २०१७ च्या कायद्यानंतर कम्युनिटी कॉलेजं मुख्यतः शाळेतले विषय आणि गुण बघून वर्ग ठरवतात. तुमच्याकडे कॉलेज बोर्डाची अ‍ॅक्युप्लेसर असेल, तर गणिताच्या प्रत्येक भागात २० प्रश्न असतात, वेळेचं बंधन नसतं आणि गुण २०० ते ३०० च्या दरम्यान मिळतात. तू दिलेल्या उत्तरावरून संगणक पुढचा प्रश्न सोपा द्यायचा की अवघड ते ठरवतो. त्यामुळे प्रश्न सोडून पुढे जाता येत नाही आणि मागेही येता येत नाही. ‘सोपी गणितं आधी, अवघड शेवटी’ ही आपली शाळेतली शिस्त तिथे चालत नाही. घड्याळ नाही, मग प्रत्येक उत्तर ताळा करूनच नोंदव. कॅल्क्युलेटर पडद्यावरच आणि काही ठराविक प्रश्नांनाच मिळतो, म्हणून सराव त्याच्याशिवाय कर. अ‍ॅलेक्स असेल तर जास्तीत जास्त ३० प्रश्न, गुण ० ते १००, आणि बऱ्याच ठिकाणी पर्याय नसतात, उत्तर स्वतः टाकावं लागतं. किती गुणांना कुठला वर्ग हे प्रत्येक कॉलेज आपापलं ठरवतं. गुण कमी पडले तर डेव्हलपमेंटल, म्हणजे पाया पक्का करून घेणाऱ्या, वर्गात बसावं लागू शकतं. त्याची फी भरावी लागते, पण क्रेडिट पदवीत सहसा धरत नाहीत. म्हणून या तयारीला महत्त्व आहे.

आता गणित. चाचणीत चलाच्या जागी त्यांचा एक्स असेल, मी आपला क्ष लिहिते.

पदावलीपासून सुरू कर. आपल्याला ‘कंचेभागुबेव’ पाठ आहे, तिथे मुलं ‘पेमडास’ (कंस, घात, गुणाकार, भागाकार, बेरीज, वजाबाकी) घोकतात. दोन्हींत एकच धोका आहे: अक्षरांचा क्रम शब्दशः घेतला की उत्तर चुकतं. भागाकार आणि गुणाकार यांचा दर्जा सारखा, बेरीज आणि वजाबाकी यांचाही सारखा, आणि सारख्या दर्जाच्या क्रिया डावीकडून उजवीकडे करायच्या. २० − ८ + ५ म्हणजे १७. ‘बे’ आधी म्हणून ८ + ५ केलंस तर ७ येईल. पेमडासवाल्याचं पाऊल गुणाकारात घसरतं: २४ ÷ ४ × २ म्हणजे १२, पण तो गुणाकार आधी करून ३ काढतो.

उणे संख्यांत सगळ्यात महाग पडणारी जागा म्हणजे वर्ग. (−३)² म्हणजे ९, पण कंसाशिवाय −३² म्हणजे −९, कारण वर्ग फक्त ३ चा झाला आणि उणे बाहेर राहिलं. हे किंमत भरताना उलटतं. क्ष² − २क्ष यात क्ष = −३ घालायचं असेल तर आधी प्रत्येक क्षच्या जागी रिकामा कंस काढायचा आणि मग त्यात संख्या लिहायची: (−३)² − २(−३) = ९ + ६ = १५. कंस न घालता लिहिलं की −९ − ६ होतं आणि −१५ येतं. पर्यायांमध्ये −१५ असण्याची शक्यता दाट, कारण चाचणी बनवणारे नेहमीच्या चुकांची उत्तरंच पर्याय म्हणून ठेवतात. आपलं उत्तर पर्यायांत सापडलं म्हणजे ते बरोबर, असं कधीच समजू नकोस.

एकचल समीकरणावर सगळ्यात जास्त वेळ घालव. हे एक गणित घे:

५ − २(क्ष − ३) = १७

घाईत ५ मधून २ वजा केले जातात आणि ३(क्ष − ३) होतं. पण तो २ कंसाला गुणलेला आहे, आणि गुणाकार वजाबाकीच्या आधी. दुसरी चूक याहून नेहमीची: कंस सोडताना −२ ने पहिल्या पदाला गुणलं, −२क्ष आलं, आणि पुढे नुसतं −६ लिहिलं. −२ ला −३ ने गुणल्यावर +६ येतात. नीट मांडलं तर ५ − २क्ष + ६ = १७, म्हणजे ११ − २क्ष = १७, म्हणून −२क्ष = ६ आणि क्ष = −३. ताळा मूळ समीकरणातच करायचा, मधल्या ओळीत नाही: −३ − ३ = −६, त्याला −२ ने गुणून १२, त्यात ५ मिळवून १७. जुळलं. चिन्ह चुकलं असतं तर क्ष = −९ आलं असतं आणि ताळ्यात २९ येऊन चूक तिथेच पकडली गेली असती.

इथे आपल्या शाळेतल्या एका सवयीबद्दल मला कळकळीने सांगायचंय. ‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं’ हे वाक्य डोक्यातून काढून टाक. ते मिळवलेल्या किंवा वजा केलेल्या पदापुरतं खरं आहे, पण हात ते सगळीकडे वापरतो. −३क्ष = १२ असताना −३ पलीकडे नेऊन कोणी १२ + ३ करतं, तर कोणी त्याचं चिन्ह बदलून १२ ला ३ ने भागतं आणि ४ म्हणतं. त्याऐवजी प्रत्येक ओळीशेजारी लिही: ‘दोन्ही बाजूंना −३ ने भागले’. उत्तर −४. आठवडाभर हे हळू वाटेल, पण पुढच्या असमानतांमध्ये हेच कामाला येतं. तिथे उणे संख्येने गुणलं किंवा भागलं की चिन्हाची दिशा उलटते: −२क्ष < ८ पासून क्ष > −४. कारण साधं आहे: ३ हे ५ पेक्षा लहान, पण −३ हे −५ पेक्षा मोठे. शंका आली तर ० घालून बघ. ० < ८ खरं आहे, मग उत्तरात ० असलंच पाहिजे.

अपूर्णांक असलेलं समीकरण दिसलं की छेदांचा ल.सा.वि. काढून प्रत्येक पदाला गुणायचं. क्ष/३ − (क्ष − १)/४ = १ यात ल.सा.वि. १२. गुणल्यावर ४क्ष − ३(क्ष − १) = १२, म्हणजे ४क्ष − ३क्ष + ३ = १२ आणि क्ष = ९. इथे दोन ठिकाणी गळती होते. एक, उजवीकडचा १ तसाच राहतो आणि उत्तर −२ येतं. दोन, क्ष − १ भोवती कंस घालायचा राहतो, मग +३ च्या जागी −३ होतं आणि उत्तर १५ येतं. अपूर्णांकाची आडवी रेघ कंसाचंच काम करते. रेघ गेली की कंस लिहायलाच हवा.

आणि हेच छेद उडवणं राशीत करायचं नाही. क्ष/३ + क्ष/४ एवढंच दिलं आहे, बरोबरचं चिन्ह नाही, तर उत्तर ७क्ष/१२. समीकरणाच्या सवयीने १२ ने गुणून ७क्ष लिहिणारे पुष्कळ. समीकरणाला दोन बाजू असतात म्हणून दोन्हींना गुणता येतं. राशीला गुणलं तर तिची किंमतच बदलते. गणित हातात घेताच आधी बघ: बरोबरचं चिन्ह आहे का?

संक्षेपातही तसंच. (क्ष + ६)/६ मधले ६ खोडता येत नाहीत. खोडता येतात ते गुणक, बेरजेतली पदं नव्हेत. (क्ष² − ९)/(क्ष − ३) मात्र (क्ष + ३)(क्ष − ३) असे अवयव पाडल्यावर क्ष + ३ होतं, क्ष ३ नसेल तर.

घातांकांचे नियम तुला भराभर आठवतील, त्यावर दिवस घालवू नकोस. एवढंच जप की (२क्ष³)² मध्ये २ चाही वर्ग होतो, उत्तर ४ गुणिले क्षचा सहावा घात. २ चा घात −३ असेल तर १/८, उणे आठ नव्हे. (क्ष + ३)² म्हणजे क्ष² + ६क्ष + ९. मधलं ६क्ष विसरतंय असं वाटलं तर क्ष = १ घाल: डावीकडे १६, आणि क्ष² + ९ चे फक्त १०. वर्गमुळालाही बेरीज वाटता येत नाही. ९ + १६ चं वर्गमूळ ५ आहे, ७ नाही.

अवयवांमध्ये आपली मधलं पद फोडायची पद्धत उत्तम, तीच ठेव. तिथले पुष्कळजण अंदाजाने कंस जुळवत बसतात, आपल्या रीतीत अंदाज फारसा लागत नाही. ६क्ष² + क्ष − १२ यात ६ × −१२ = −७२. गुणाकार −७२ आणि बेरीज १ येणाऱ्या संख्या ९ आणि −८. मग ६क्ष² + ९क्ष − ८क्ष − १२, त्यातून ३क्ष(२क्ष + ३) − ४(२क्ष + ३), म्हणजे (२क्ष + ३)(३क्ष − ४). दुसऱ्या जोडीतून −४ बाहेर काढताना आतलं चिन्ह बदलतं, तिथे थांबून बघ. आणि हे सगळं करण्याआधी सामाईक अवयव बाहेर काढायचा, नाहीतर संख्या उगाच मोठ्या होतात.

वर्गसमीकरणात एक सापळा हमखास असतो: (क्ष − २)(क्ष + ३) = ६. लगेच क्ष − २ = ६ लिहायचा मोह होतो. गुणाकार शून्य असेल तेव्हाच एक अवयव शून्य असतो. गुणाकार ६ असेल तर तसं काहीच म्हणता येत नाही. गुणून एका बाजूला आण: क्ष² + क्ष − १२ = ०, म्हणून (क्ष + ४)(क्ष − ३) = ०, उत्तरं −४ आणि ३. तसंच क्ष² = ५क्ष ला क्षने भागू नकोस, ० हे उत्तर हरवतं.

रेषेचा चढ काढताना (−२, ५) आणि (४, −७) असे बिंदू आले तर खाली ४ − (−२) = ६, वर −७ − ५ = −१२, चढ −२. छेदात २ लिहिणं ही नेहमीची घसरण. रेषा य = −२क्ष + १, आणि दोन्ही बिंदू त्यात घालून बघायला अर्धं मिनिट लागतं. ३क्ष − २य = १२ मध्ये मात्र चढ ३ नाही. य एकटा करूनच वाचायचा: य = (३/२)क्ष − ६.

शाब्दिक उदाहरणांत पहिली ओळ नेहमी ‘क्ष म्हणजे काय’ हीच लिही, एककासह. २० टक्के सूट जाऊन वस्तू ६० डॉलरला मिळाली, तर मूळ किंमत ७२ नव्हे, ७५. सूट मूळ किमतीवर होती, म्हणून ०.८क्ष = ६०. मिश्रणाच्या गणितातही तोच विचार. १० टक्के आणि ४० टक्के द्रावणांपासून २० टक्क्यांचं ३० लिटर हवं, तर क्ष म्हणजे १० टक्केवाल्याचे लिटर: ०.१क्ष + ०.४(३० − क्ष) = ६, क्ष = २०. दुसऱ्याचे लिटर ३० − क्ष लिहिले की दोन चलं लागतच नाहीत.

सरावाचं म्हणशील तर पहिल्याच दिवशी एक पूर्ण सराव चाचणी दे, अभ्यास न करता. कॉलेज बोर्डाकडे अ‍ॅक्युप्लेसरचा सराव फुकट मिळतो. मग रोज पाऊण तास पुरे: पहिली दहा मिनिटं नुसती चिन्हांची आणि अपूर्णांकांची गणितं, नंतर वर्गातला धडा, आणि शेवटी आधीच्या तीन-चार धड्यांमधली मिसळलेली गणितं. एकाच प्रकारची वीस गणितं ओळीने सोडवली की हात आपोआप चालतो, पण चाचणीत प्रकार ओळखणं हेच अर्धं काम असतं. चुकांची वेगळी वही कर आणि त्यात चूक कोणत्या ओळीत झाली तेवढंच लिही. ‘नीट लक्ष दिलं नाही’ असं लिहून काही कळत नाही. ‘कंसाबाहेरचं उणे दुसऱ्या पदापर्यंत पोचलं नाही’ असं लिहिलंस तर उद्या काय करायचं ते समजेल.

चाचणीची तारीख घेण्याआधी पुन्हा किती वेळा आणि किती दिवसांनी बसता येतं ते विचारून ठेव, आणि कच्च्या कामाला कागद तिथे देतात का तेही.

पहिली सराव चाचणी झाली की नुसते गुण कळवू नकोस. चुकलेल्या गणितांच्या पानांचे फोटो पाठव, खाडाखोडीसकट. प्रत्येकात कुठली ओळ घसरली ते मी खूण करून परत पाठवते.

तुझी,
अनघा